चौदावा रकाना

फॉर्मचे तेरा रकाने भरून झाले.
नाव कल्लाप्पा. गाव मच्छे. मातृभाषा मराठी.
कन्नड: वाचता येतं, जोडाक्षरात अडखळतो.
चौदावा विचारतो, नर्सिंगलाच का यायचं आहे?
जागा तीन ओळींची.
शनिवारी खिडकी बंद.

आई म्हणते, लिही की, सेवेची आवड.
सगळे तेच लिहितात.
काका हसला: बाप्या माणसानं नर्स व्हायचं व्हय?
उद्यमबागच्या शेठनं तर निरोपच धाडलाय,
बाबांच्या जागी ये. सोमवारपासून ये.

बाबांची जागा म्हणजे तो कोपरा
जिथं लॅडल कलंडलं
आणि लाल लोखंड बुटात शिरलं.

अकरा रात्री मी सिव्हिलच्या फरशीवर झोपलो,
म्हणजे झोपलो नाही.
पहिल्या ड्रेसिंगला पट्टीबरोबर कातडी सुटून आली
आणि मी दाराला धरून खाली बसलो.
फिलोमिना सिस्टरनी वळूनसुद्धा बघितलं नाही.
बाबांचं आवरलं, हात धुतले, मग म्हणाल्या,
उद्या पोटात काहीतरी घालून ये.
रिकाम्या पोटी सगळेच पडतात.

दुसऱ्या दिवशी दोन प्लेट पोहे खाऊन उभा राहिलो.
उभाच राहिलो.

शेजारच्या खाटेवर बैलहोंगलकडचे बसलिंगप्पा.
बाबा म्हणायचे, ठणकतंय, सलतंय,
आत कुणीतरी किसणी फिरवतंय.
म्हाताऱ्याचा एकच शब्द: ब्यानी, तम्मा, ब्यानी.
चौथ्या रात्रीपर्यंत मला त्या एका शब्दाचे मजले कळायला लागले.
खालच्या आवाजातली ब्यानी म्हणजे कूस बदलून दे.
लांबवलेली म्हणजे भांडं.
आणि तुटक, दातांतून आलेली,
म्हणजे सिस्टरला बोलाव, पळ.

हे लिहू का चौदाव्यात?

मग सातवी रात्रही लिहावी लागेल.
तीन वाजले होते. हाक आली.
मी जागा होतो, आणि डोळे मिटून घेतले.
एवढा वॉर्ड भरलाय, मीच का,
माझा बाप आहे का तो.
दुसरी हाक. पंख्याची करकर ऐकत पडून राहिलो.
तिसरी आली नाही
म्हणून उठलो.
बाटली संपलेली, नळीत रक्त उलटं चढत होतं.
सिस्टरनी सुई काढली, नवी लावली. काही झालं नाही.
काही झालं नाही, हे मी तेव्हापासून
किती वेळा म्हणालोय स्वतःला.

त्या रागावल्या नाहीत.
मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.
मिनिटाला वीस थेंब. मोज.
दया येवो न येवो, मोज.

मी मोजले. खिडकीबाहेर पहिली बस सुरू होईपर्यंत.
एकदाही दया आली नाही
आणि एकदाही चुकलो नाही.

काल विचारलं बाबांना.
पाय उशीवर, पट्टी आता तळहाताएवढी.
म्हणाले, फाउंड्रीत एक सुख असतंय बघ.
कास्टिंगला छिद्र पडलं तर रिजेक्ट,
परत भट्टीत, परत ओत, उद्या नवं.
माणसाला भट्टी नाही.
मग बराच वेळ गप्प.
मग, पगार किती देतात तेवढं विचारून घे.

हे उत्तर होतं की नाही, कळलं नाही.

आज टिळकवाडीत झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसून लिहिलं:
आवड आहे की नाही, माहीत नाही.
तिसरी हाक आली नाही तेव्हा उठलेला माणूस मी.
दुसरीला उठता येतं का, ते शिकायचं आहे.

तीन ओळी भरल्या.
पहिल्या हाकेपुरती जागा उरली नाही.

दुकानदार म्हणाला, किती प्रती?
दोन, म्हणालो.
एक शेठला दाखवायला.